हात न लावता दहा फेऱ्या

टण्ण.

दुपारचे अडीच वाजले होते. घरात अशी शांतता होती की नळाच्या थेंबालाही दोनदा विचार करून पडावं लागत होतं. अशा वेळी आगपेटीच्या आकाराची एक लाकडी गाडी वळणावर रुळावरून उतरली आणि खाली उपड्या घातलेल्या स्टीलच्या पातेल्यावर आदळली. भिंगरीची आई होती तशीच थबकली. एक हात हवेत, ओठांत दोन स्क्रू आणि कान आतल्या खोलीकडे.

आत भिंगरी झोपली होती. चार वर्षांची ही मुलगी जागेपणी एका ठिकाणी चार मिनिटं ठरत नसे, म्हणून तिला हे नाव पडलं होतं. झोपेत तिचं बाकी सगळं अंग विश्रांती घेई, पण कान मात्र कामावर असत. पातेलं अजून थरथरत होतं. आईने पायाच्या अंगठ्याने ते दाबून धरलं. आत कूस बदलल्याचा आवाज झाला, एक लांबलचक उसासा आला आणि पुन्हा सगळं शांत झालं. तेव्हा कुठे आईने ओठांतले स्क्रू काढले.

दीड ते तीन हा तिचा स्वतःचा वेळ. दिवसाचे उरलेले साडेबावीस तास इतरांचे असत आणि त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार एवढीच होती की त्या साडेबावीस तासांत केलेलं काहीच पुरं होत नसे. घासून ठेवलेली भांडी तासाभरात पुन्हा घासायची भांडी होत. घडी घालून ठेवलेले कपडे अंगावर चढून, चिखल गोळा करून परत येत. पुसलेलं नाक तर पाठ वळायच्या आत पुन्हा वाहू लागे. तिला आयुष्यात एक गोष्ट अशी हवी होती, की जी झाली की झाली. जिला पुन्हा हात लावावा लागू नये.

अशी इच्छा झालेली माणसं सहसा स्वेटर विणतात किंवा परदेशी भाषा शिकायला लागतात. भिंगरीची आई छोटे, चालते रोलर कोस्टर बनवू लागली. का, हे विचारण्यात अर्थ नाही. कोणता छंद लागावा हे माणसाच्या हातात असतं, तर जगात टपालाची तिकिटं जमवणारे इतके लोक झालेच नसते.

काचेच्या कपाटात तिचा संग्रह होता. एक किल्लीचा रोलर कोस्टर, तळहाताएवढा, जुन्या सामानाच्या दुकानात सापडलेला. दुसरा पुठ्ठ्याचा, दांडा फिरवला की चालणारा. तिसरा चालत नसे, पण दिसायला इतका देखणा होता की त्याने काही करावं अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. “घरात असतात अशी माणसं,” असं सासूबाई म्हणत आणि आपल्या मुलाकडे बघत.

चौथा मात्र तिचा स्वतःचा होता. जाड तारेचे रूळ, आइस्क्रीमच्या काड्यांच्या पट्ट्या आणि दोऱ्याच्या रिकाम्या लाकडी रिळांचे खांब. जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर एक बारीक साखळी ओढी, साखळी गाडीला हॉलमधल्या कपाटाच्या डोक्यावर नेई आणि तिथून पुढे गाडीचं नशीब. ती खिडकीपाशी खाली झेपावे, पुस्तकांच्या फळीवरून दुसरी टेकडी पार करी, एक सबंध लूप घेई, भिंतीतल्या झरोक्यातून स्वयंपाकघरात शिरे, तिथे भांड्यांच्या मांडणीवरची तिसरी टेकडी चढे आणि दाराच्या चौकटीवरून परत हॉलमध्ये येऊन साखळीच्या पायाशी हजर होई. म्हणजे, व्हावी अशी योजना होती.

गाडीत एक प्रवासी होती. कपडे वाळत घालायच्या चिमट्यावर भिंगरीने पेनाने दोन डोळे काढले होते, त्यातला एक फारच मोठा. तिचं नाव चिमटेबाई. तिच्याशिवाय गाडी सोडायची नाही, असा भिंगरीचा नियम होता.

दुसरा नियम मंडळाचा होता. छोट्या रोलर कोस्टरचा छंद असणाऱ्यांचं एक मंडळ होतं. एकेचाळीस सभासद, त्रैमासिक अंक आणि छापील नियमावली. अर्ज केला की सभासदत्व मिळतं असं नाही. स्वतः बांधलेल्या रोलर कोस्टरने परीक्षकांसमोर सलग दहा फेऱ्या करायच्या, आणि त्या दहा फेऱ्यांत कोणीही त्याला हात लावायचा नाही. ‘हात न लावता’ हे शब्द नियमावलीत ठळक छापलेले होते. भिंगरीच्या आईने ते वाचले, पुन्हा वाचले आणि तो कागद स्वयंपाकाच्या ओट्यासमोर चिकटवला. नवरा म्हणाला, “दहा फेऱ्या म्हणजे जास्त नाहीत.” तो विमा कंपनीत होता आणि न घडलेल्या गोष्टींबद्दल त्याला फार विश्वासाने बोलता येई.

अडचण अशी होती की दुपारी मोटर लावता येत नव्हती. साखळी टकटक करी, गाडी तारेवर धडधडे आणि भिंगरी उठे. त्यामुळे दुपारी एकेक तुकडा तयार करायचा आणि सबंध फेरी संध्याकाळी सोडायची. त्यात तिसरी टेकडी ही अशी गोष्ट, की तिची तुकड्यात परीक्षाच होत नाही. मागून सगळा वेग घेऊन आल्याशिवाय ती गाडीला जवळ उभंही करत नाही.

पहिल्या संध्याकाळी आईने बटण दाबलं. हे बटण दाबूनच धरावं लागे. सोडलं की साखळी थांबे आणि परत आलेल्या गाडीला वर न्यायला कोणी नसे. म्हणजे गाडी स्वयंपाकघरात गेली की आई हॉलमध्ये बटणाला बांधलेली, आणि आत काय चाललंय हे फक्त कानांना कळायचं. टकटकटक. मग सूं. मग लूपची घरघर. मग झरोका. मग काहीच नाही. मग, अगदी हळूहळू, उलट्या दिशेने येणारी घरघर.

“मागे आली,” भिंगरीने बातमी दिली.

दुसऱ्या दिवशीही तेच. त्या दिवशी समोरच्या घरातले ओव्हरसिअर काका बघायला आले. काकांची बत्तीस वर्षं रस्ते बांधण्यात गेली होती आणि निवृत्तीनंतर त्यांच्याकडे चढ-उताराबद्दलचं ज्ञान नुसतं पडून होतं. त्यांनी हात मागे बांधून मार्गाची पाहणी केली.

“उतार कमी पडतोय, सूनबाई. पहिली टेकडी उचला.”

“किती उचलू, काका?”

“आधी उचला. किती ते उचलल्यावर कळतं. आम्ही सगळे रस्ते असेच केले.”

आईने कपाटावरच्या आधाराखाली शब्दकोशाचा पहिला खंड सरकवला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई आत भाजी चिरत होत्या, काका दारात उभे होते, नवरा नुकताच आला होता. टकटकटक, सूं, घरघर, झरोका, क्षणभर काहीच नाही, आणि मग स्वयंपाकघराच्या दारावरून गाडी डौलात बाहेर आली. चिमटेबाईचा मोठा डोळा चकाकत होता. भिंगरीच्या आईने टाळ्या वाजवल्या. बटणावरचा हात सुटल्याने साखळी थांबली, पण त्याचं तिला भान नव्हतं. भिंगरीला तिने उचलून गोल फिरवलं. आतून सासूबाई म्हणाल्या, “आली का बाहेर? बरं झालं.” त्यांचा आवाज जरा घाईचा वाटला, पण भाजी चिरताना माणसाचा आवाज असाच येतो.

त्यानंतर शास्त्रीय कालखंड सुरू झाला. आईने एक वही केली. रोज किती फेऱ्या पूर्ण झाल्या, किती अडल्या, पहिल्या टेकडीची उंची किती. आठवडाभर उत्तम चाललं. एक दिवस सासूबाई डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या, त्या संध्याकाळी गाडी दोनदा मागे आली. आईने शब्दकोशाचा दुसरा खंड सरकवला. दुसऱ्या दिवशी सासूबाई घरी होत्या आणि गाडी एकदाही अडली नाही. वहीत नोंद झाली: दुसरा खंड गुणकारी. पुढे सासूबाईंना दोन दिवस कंबरदुखीने अंथरूण धरावं लागलं. पहिल्या दिवशी गाडी अडली, तिसरा खंड गेला. दुसऱ्या दिवशी नवरा पाणी प्यायला आत गेला होता, गाडी चालली. अशा रीतीने सगळे खंड कपाटावर चढले, त्यावर पाककृतींचं जाड पुस्तक चढलं, आणि पहिली टेकडी छताला इतकी भिडली की पंख्याची पाती काढून पलंगाखाली ठेवावी लागली. उकडतंय असं कोणी म्हटलं की आई वही दाखवी.

घरातल्या माणसांचा बदलही तिने त्या काळात पाहिला आणि तिला बरं वाटलं. नवऱ्याला संध्याकाळी सहा वाजले की तहान लागे. आधी तो पाणी बसल्या जागी मागवत असे, आता स्वतः उठून आत जाई आणि बराच वेळ पीत राही. तो एकदा आत गेला की त्याला चांगली ग्लासभर तहान असणार, असं ती समजे. काका दारात उभे राहायचे ते ओट्यापाशी उभे राहू लागले. “हवा बरी येते इथे,” असं ते म्हणत, जरी तिथे खिडकी नव्हती. छंद एका माणसाने लावून घेतला तरी सगळं घर त्यात कसं ओढलं जातं, यावर तिने वहीच्या मागच्या पानावर चार ओळी लिहिल्या. त्या छान उतरल्या होत्या.

मग सोसायटीचे सेक्रेटरी आले. बारीक चणीचे, काखेत नियमांची फाईल, चपला दाराबाहेर अगदी काटकोनात काढलेल्या.

“खालून तक्रार आहे,” ते म्हणाले. “आधी टकटक, मग धडधड आणि मग टाळ्या. तक्रार मुख्यतः टाळ्यांबद्दल आहे.”

आईने टाळ्या बंद करायची तयारी दाखवली. पण फाईल एकदा उघडली की ती अशी बंद होत नसते. सेक्रेटरींनी ‘निवासी जागेत यंत्र बसवण्याबाबत’चा अर्ज काढला. यंत्राचा प्रकार: शिलाई, व्यायाम, पाणी उपसणे, इतर. ‘इतर’च्या पुढे छापलं होतं, ‘इतर यंत्रांस परवानगी नाही’.

“मग ते छापलंय कशाला?” सासूबाईंनी विचारलं.

“लोकांना कळावं म्हणून.” सेक्रेटरींनी पेन कानामागून काढलं. “हे यंत्र काही उपसतं का?”

“गाडी वर ओढतं,” आई म्हणाली.

“मग ‘पाणी उपसणे’वर खूण करतो. पुढे ‘कोरडे’ असं लिहितो. प्रवासी वाहतूक?”

“एक प्रवासी आहे.”

“कायमचा की तात्पुरता?”

“चिमटेबाई कायमची आहे,” भिंगरी म्हणाली. “तिला दुसरं घर नाहीये.”

सेक्रेटरींनी विचार केला आणि लिहिलं, ‘प्रवासी याच पत्त्यावर राहतो.’ मग म्हणाले, “तपासणी करावी लागेल. तुम्ही बटण दाबा, मी आत थांबतो.”

फेरी झाली. गाडी बाहेर आली. पाठोपाठ सेक्रेटरीही बाहेर आले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर काहीतरी फार मोठं, फार खाजगी करून आल्याचा भाव होता. त्यांनी शिक्का मारला. यंत्र चालवण्याची वेळ: संध्याकाळी सहा ते सात. पुढे ते एक दिवसाआड ‘फेरतपासणी’ला येऊ लागले आणि दरवेळी आतच उभे राहू लागले. एवढा कर्तव्यदक्ष सेक्रेटरी आईने पाहिला नव्हता.

पावसाळ्याभरात बासष्ट यशस्वी फेऱ्या नोंदल्या गेल्या. तेव्हा आईने मंडळाच्या त्रैमासिकाला एक टिपण पाठवलं: ‘पहिल्या टेकडीची उंची आणि तिसऱ्या टेकडीवरील यश: काही निरीक्षणे’. सोबत तक्ता. टिपण छापून आलं. सभासद नसलेल्या व्यक्तीचं टिपण छापण्याची मंडळाची ही पहिलीच वेळ, असं संपादकांनी खाली लिहिलं होतं. अंक आठवडाभर चहाच्या टेबलावर असा पडून होता की येणाऱ्याला तो उचलूनच कप ठेवावा लागे. आणि मग पत्र आलं. रविवारी संध्याकाळी सहा वाजता परीक्षक येत आहेत.

ते घरात वाचून दाखवलं तेव्हा भिंगरी सोडून कोणीच काही बोललं नाही. आईला वाटलं, आनंदाने.

परीक्षक पेशाने घड्याळजी होते. सावकाश चालणारे, सावकाश बोलणारे गृहस्थ, कपाळावर काळं भिंग चढवलेलं. त्यांनी प्रत्येक सांधा बोटाच्या टोकाने चाचपून पाहिला, लूपपाशी जरा जास्त थांबले आणि म्हणाले, “तुमचं टिपण वाचलं, ताई. हिशोबात बसत नाही. म्हणून मुद्दाम मीच आलो. निसर्गात हिशोबाबाहेरचं काही घडत असेल तर मला ते बघायचं आहे.”

आई लाजली.

“आता घरातली सगळी माणसं हॉलमध्ये या,” परीक्षक म्हणाले. “भिंतीला टेकून बसा. हाताची घडी.”

“गॅसवर दूध आहे,” सासूबाई लगेच म्हणाल्या.

“बंद करून या.”

“मी स्वयंपाकघरातून बघतो,” नवरा म्हणाला. “तिकडून कोन चांगला मिळतो.”

“हॉलमध्ये.”

“मी आपला दारात, जाता-जाता,” ओव्हरसिअर काका म्हणाले.

“तुम्हीपण.”

सेक्रेटरींनी फाईल पुढे केली. “सोसायटीच्या नियमानुसार मला आतून फेरतपासणी...”

“बसा,” घड्याळजी म्हणाले.

चौघं भिंतीला टेकून बसले. हाताची घडी घातलेली चार मोठी माणसं आईने शाळा सोडल्यापासून पाहिली नव्हती. सासूबाईंच्या कपाळावर आठ्या होत्या. नवरा जमिनीकडे बघत होता. काका पुटपुटत होते. सेक्रेटरींनी डोळे मिटले होते. यांच्यापेक्षा मीच धीट आहे, असं आईला वाटलं आणि सगळ्यांकडे बघून ती जरा हसली, धीर द्यायला.

तिने बटण दाबलं.

टकटकटक. सूं. दुसरी टेकडी. घरघर. झरोका.

मग काहीच नाही. ते काहीच नाही नेहमीपेक्षा लांबलं. मग, अगदी हळूहळू, उलटी घरघर सुरू झाली, लूपच्या तळाशी थोडी पुढे, थोडी मागे झाली आणि थांबली.

“आज कोणीच ढकललं नाही,” भिंगरी म्हणाली.

काही वाक्यं अशी असतात की ती बोलून झाल्यावर खोलीतली सगळी माणसं आपापल्या नखांकडे बघू लागतात. आईने बटण सोडलं. तिने भिंतीकडे पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“मी कधीमधी,” नवरा म्हणाला. “पाणी पिताना. करंगळीने.”

“मी फक्त अंदाज घेत होतो,” काका म्हणाले. “पण हो. बोटाने.”

“पहिल्या तपासणीच्या दिवशी ती माझ्या डोळ्यांसमोर थांबली,” सेक्रेटरी म्हणाले. “थांबलेल्या यंत्राला शिक्का कसा देणार? नियमात बसत नाही. मग मी पेनाने...” आणि जरा वेळाने, “नंतर सवय लागली.”

सासूबाई सगळ्यात शेवटी बोलल्या. “पहिल्यांदा मीच ढकलली. दोन दिवस तुझं तोंड उतरलेलं होतं. नुसता हात लावला, तर तू टाळ्या वाजवल्यास. मग कसं सांगणार?”

“बासष्ट फेऱ्या,” आई म्हणाली.

“मोजल्या नाहीत बाई मी.”

“मी मोजल्या. तक्ता केला. छापून आलाय तो.”

आई स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं.

रडायचं तर दोन मिनिटांत उरकायला हवं होतं, कारण बाहेर पाहुणे होते. पण डोळ्यांत पाणी येईना, नुसतं तोंड तापलं. लहान पोराला सायकल शिकवताना मागून धरतात आणि ‘तूच चालवतेयस’ म्हणतात, तसं या चौघांनी तिला पावसाळाभर धरलं होतं. आणि ती काय करत होती? त्यांना वेगाचे नियम समजावून सांगत होती. सेक्रेटरींना तर तिने एकदा वहीत आकृती काढून दाखवली होती. ते किती मन लावून ऐकत होते. संध्याकाळी सातपर्यंतचाच परवाना, पुढची परीक्षा वर्षाने, आणि वर्षभर या घरातल्या प्रत्येकाने तिच्याशी अतिशय गोड वागायचं. ते गोड वागणं तिला आत्ताच दिसू लागलं आणि तिने घाईने मान वर केली.

समोर तिसरी टेकडी होती. तिने या टेकडीकडे कितीतरी दिवसांत नीट पाहिलं नव्हतं, कारण ही टेकडी तर सुटलेला प्रश्न होता. चढाच्या शेवटी तार जिथे सपाट होते, त्याच्या चार बोटं आधीची एक पट्टी काळपट, गुळगुळीत झालेली होती. पेन लागल्याची निळी रेघ होती. आणि बरंच खाली, जिथे मोठ्या माणसाचा हात सहज जात नाही तिथे, अगदी ओट्याच्या कडेला, चिकट लहान बोटांचे ठसे होते.

चार बोटं. म्हणजे गाडी एवढीच कमी पडत होती. सगळे खंड, पाककृतींचं पुस्तक, पंख्याची पाती, सगळं चार बोटांसाठी. आणि सगळी बिल्डिंग पहिली टेकडी उचला म्हणत होती. तिसरी खाली घ्या, असं कोणी, तिने स्वतःसुद्धा, म्हटलं नव्हतं.

तिने दार उघडलं. “सात व्हायला किती वेळ आहे?”

“एकोणचाळीस मिनिटं,” घड्याळजी म्हणाले. “मी चहा घेईन. मला चहाला पंधरा मिनिटं लागतात. बिनसाखरेचा असेल तर वीस.”

“पहिली टेकडी जरा अजून...” काका उठू लागले.

“काका, बसा,” आई म्हणाली. आवाज शांत होता, आणि काका बसले.

तिने दोन्ही खांबांतून एकेक रीळ काढलं. टेकडी बसली, तशी तारेला पोक आला. तो पकडीने सरळ करायला हवा होता आणि मांडणीच्या सावलीत नीट दिसत नव्हतं. मागे कोणीतरी येऊन उभं राहिलं. ओल्या पदराचा वास आला.

“बॅटरी धरू का?” सासूबाईंनी विचारलं. मग वळून हॉलकडे बघत, “अहो, बॅटरी धरली तर चालतं का?”

“दुरुस्तीत चालतं,” हॉलमधून घड्याळजींचं उत्तर आलं. “फेरीत नाही.”

आईने पोक आलेल्या तारेकडे पाहिलं. पकड तिच्या हातात होती.

“धरा,” ती म्हणाली. “थोडी डावीकडे.”

सासूबाईंनी धरली. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “एवढं गोल फिरून परत तिथंच यायचं तर निघायचं कशाला, हे मला अजून कळलेलं नाही. पण वळण छान घेतेस तू.”

सहा छत्तीसला चौघं पुन्हा भिंतीला टेकून बसले. भिंगरीने आपले दोन्ही हात फ्रॉकच्या खिशात घातले आणि खिसे वरून आवळून धरले. आईने बटण दाबलं.

टकटकटक, सूं, घरघर, झरोका. शांतता. आणि गाडी चौकटीवरून बाहेर आली. कोणी टाळी वाजवली नाही. घड्याळजींनी वहीत एक रेघ ओढली.

दुसरी फेरी. तिसरी. चौथ्या फेरीला सेक्रेटरींनी डोळे उघडले. सातव्या फेरीला झरोक्यापलीकडची शांतता जरा लांबली, आणि हॉलमध्ये बसलेली चार मोठी माणसं एकाच वेळी, हाताची घडी न सोडता, स्वयंपाकघराच्या दिशेने कलली. जणू त्यांच्या कलण्याने तिकडे काही फरक पडणार होता. गाडी बाहेर आली तशी चौघं सरळ झाली. आईने ते पाहिलं. बटणावरचं तिचं बोट पांढरं पडलं होतं.

दहावी रेघ सहा चव्वेचाळीसला ओढली गेली. घड्याळजींनी भिंग कपाळावरून काढून खिशात ठेवलं, नोंदवहीत सही केली आणि सभासद क्रमांक बेचाळीस असं म्हणून मान लववली. मग विचारलं, “त्या टिपणाचं काय करायचं, ताई?”

“दुरुस्ती पाठवते,” आई म्हणाली. “सदर प्रयोगात सासू, नवरा, शेजारी आणि सेक्रेटरी ही चार बळं धरायची राहून गेली होती.”

“पाच,” भिंगरी म्हणाली.

“पाठवा,” घड्याळजी म्हणाले. “मूळ टिपणापेक्षा जास्त उपयोगी पडेल. बऱ्याच सभासदांना घरं आहेत.”

ते गेले. काका अभिनंदन करून, पहिली टेकडी आता उतरवायला हरकत नाही असं सुचवून गेले. सेक्रेटरी बराच वेळ चपला घालत राहिले. “आता फेरतपासणीची तशी गरज नाही,” ते म्हणाले, आणि कोणी काही म्हणतंय का याची वाट पाहून जिना उतरले. नवरा सवयीने पाणी प्यायला आत गेला आणि न पिताच परत आला. सासूबाईंनी दूध पुन्हा गॅसवर ठेवलं आणि त्याच्याकडे, फक्त दुधाकडे, बघत उभ्या राहिल्या.

सात वाजायला अजून दहा मिनिटं होती. आईने बटणावर तांदळाने भरलेलं पातेलं ठेवलं. ते आपल्या वजनाने बटण दाबून राहिलं. पहिल्यांदाच ती गाडीच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली आणि तिसऱ्या टेकडीसमोर उभी राहिली. गाडी आली, चढली, माथ्यावर जरा रेंगाळली आणि पलीकडे उतरली. कोणाचंही काही न लागता. झालं ते झालं होतं. तिला हवं होतं तसंच.

भिंगरी तिच्या पायाशी ओट्याच्या कडेला उभी होती. तिने खिशातून हात काढला होता. एक बोट पुढे करून, रुळापासून केसभर लांब धरून ती थांबली होती, रोजच्यासारखी. पुढची फेरी आली. चिमटेबाई त्या बोटाजवळून चढून गेली, पलीकडे उतरली आणि दिसेनाशी झाली. बोट तसंच राहिलं. आणखी एक फेरी आली आणि गेली.

मग भिंगरीने बोटाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि विचारलं, “आई, आता तिला माझा हात नको का?”